नभोविद्यापीठाचा धडा

नवे यंत्र हाती आले की त्याच्या योगाने विद्या घरोघर पोहोचेल, अशी आशा प्रत्येक पिढी बाळगते. या आशेत वावगे काही नाही. परंतु विद्या पोहोचविणे आणि विद्या रुजविणे ही दोन कार्ये भिन्न होत, याचा विसर पडता कामा नये. आज संगणकाच्या पडद्यावर महाविद्यालयीन अध्यापन चालविण्याचा जो उत्साह सर्वत्र दिसतो, त्याची पारख करण्यास ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाचा इतिहास फार उपयोगी पडण्यासारखा आहे.

१९६३ च्या सप्टेंबरात मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी ग्लासगो येथील भाषणात ‘नभोविद्यापीठा’ची कल्पना मांडली. कामधंद्यात गुंतलेल्या, तरुणपणी विद्यापीठाची पायरी न चढलेल्या प्रौढांस नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या द्वारे उच्च शिक्षण मिळावे, हा तिचा आशय. विल्सन पुढे पंतप्रधान झाल्यावर त्यांच्या मंत्रिमंडळातील जेनी ली यांनी ती कल्पना मोठ्या चिकाटीने तडीस नेली. १९६६ च्या सरकारी पत्रिकेतही ‘नभोविद्यापीठ’ हेच नाव होते. १९६९ साली राजसनद मिळाली ती मात्र ‘मुक्त विद्यापीठ’ या नावाने. हे नामांतर अर्थपूर्ण होते. प्रवेशास कोणत्याही पूर्वपरीक्षेची अट नाही, हे या संस्थेचे खरे वैशिष्ट्य. आकाशातून येणारी वाणी हे तिच्या अनेक साधनांपैकी एक.

पहिले कुलगुरू वॉल्टर पेरी यांच्या काळात जी योजना आकारास आली, तीत मुख्य भिस्त छापील पाठांवर होती. बी. बी. सी. वरील कार्यक्रमांच्या वाट्यास विद्यार्थ्याच्या अभ्यासवेळेचा अल्पसा भागच आला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस प्रयोगाचे साहित्य पेटीत घालून घरी पाठविले जाई. विद्यार्थ्याने मुदतीत लिहून धाडलेला निबंध अध्यापक तपासीत आणि आपले शेरे लिहून परत करीत. यांखेरीज ठिकठिकाणी अभ्यासकेंद्रे होती, आणि उन्हाळ्यात निवासी वर्ग भरत.

१९७१ च्या जानेवारीत सुमारे २४,००० विद्यार्थ्यांसह अध्यापनास आरंभ झाला, आणि त्याच महिन्यात ब्रिटनमधील टपालसेवकांनी संप पुकारला. तो जवळजवळ सात आठवडे चालला. नभोवाणी चालू होती, दूरचित्रवाणी चालू होती. तरीही पाठ पोहोचविण्यासाठी विद्यापीठास अन्य वाटा शोधाव्या लागल्या. केवळ प्रक्षेपणावर विद्यापीठ चालते, तर टपाल बंद पडल्याची इतकी विवंचना करण्याचे कारणच नव्हते! १९७३ साली या विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले.

आपल्याकडे दिल्लीस १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि नाशिक येथे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्यांनीही छापील पाठ आणि अभ्यासकेंद्रे यांचाच पाया घातला. पुढे २०१७ साली केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे महाजालावरील व्यासपीठ आले, आणि २०२० च्या महासाथीत तर प्रत्येक प्राध्यापकास पडद्यासमोर बसून शिकवावे लागले. नामांकित अध्यापकाचे व्याख्यान आता खेड्यातील विद्यार्थ्यास हवे तेव्हा ऐकता येते, हा लाभ लहान नव्हे.

परंतु यातूनच एक मोह उत्पन्न होतो. व्याख्यान एकदा मुद्रित करून ठेवले की सहस्रावधी श्रोत्यांस पुरते; मग इतके अध्यापक हवेत कशास, असा प्रश्न हिशेब पाहणाऱ्यांस सुचू लागतो. त्यांनी हे ध्यानी घ्यावे की, विद्यार्थ्याने लिहिलेले वाचून त्याची चूक नेमकी कोठे झाली हे सांगणारा मनुष्य सहस्रांस पुरत नाही. पूर्वी हे काम टपालाच्या गतीने चाले, आज ते क्षणार्धात होऊ शकते. म्हणजे साधनाची सबब उरली नाही, प्रश्न उरला तो माणसे नेमण्याचा.

२००६ च्या डिसेंबरात बी. बी. सी. वरून रात्री होणारे मुक्त विद्यापीठाच्या पाठांचे प्रक्षेपण कायमचे थांबले. ज्या साधनाचे नाव प्रथम त्या विद्यापीठास द्यावयाचे होते, ते गेले. विद्यापीठ राहिले, आणि तेथे निबंध आजही अध्यापकच तपासतात.