पहिल्या सेक्टरवरचा हक्क

संगणक चालू होताच कार्यप्रणाली डिस्कवरून स्मृतीत आणून तिच्या हाती यंत्राचा कारभार सोपवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला ‘बूटलोडर’ म्हणतात. एकाच यंत्रावर अनेक कार्यप्रणाली नांदवण्याचा इतिहास हा मुख्यतः या प्रोग्रॅमच्या वाट्याला आलेल्या जागेचा आणि त्या जागेवर हक्क कोणाचा या प्रश्नाचा इतिहास आहे.

१९८३ मध्ये आयबीएमने १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला ‘पीसी एक्सटी’ बाजारात आणला, तेव्हा पीसी-डॉस २.० या आवृत्तीने डिस्कच्या पहिल्या सेक्टरची, म्हणजेच ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ची, मांडणी ठरवून दिली. या ५१२ बाइटांपैकी शेवटचे २ खुणेसाठी आणि त्याआधीचे ६४ पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या विभागांच्या, तक्त्यासाठी राखलेले असल्याने प्रत्यक्ष प्रोग्रॅमला ४४६ बाइटच उरत. तक्त्यात चार नोंदी मावत असल्या, तरी ‘सक्रिय’ अशी खूण एकाच विभागावर असे. त्यामुळे दुसरी कार्यप्रणाली हवी असल्यास ती खूण हलवून यंत्र पुन्हा चालू करावे लागे.

सुरुवातीलाच निवडीची सोय देणारा आणि लिनक्सच्या वापरकर्त्यांत रूढ झालेला बूटलोडर म्हणजे १९९०च्या दशकारंभी वर्नर आल्मेसबर्गर यांनी लिहिलेला ‘लिलो’. त्याला फाइलप्रणाली वाचता येत नसे; कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, डिस्कवर नेमका कुठे आहे याची यादी तो आधीच करून ठेवी, आणि म्हणून कर्नल बदलल्यावर लिलोची आज्ञा पुन्हा चालवण्यास विसरणाऱ्याचे यंत्र अडून बसे. आपल्या नावाचे एकेक अक्षर तो टप्प्याटप्प्याने पडद्यावर उमटवी, त्यामुळे ‘एल-आय’वरच थांबलेला पडदा पाहून जाणकाराला बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला हे ओळखता येई.

फाइलप्रणाली वाचता न येण्याची लिलोची उणीव ‘ग्रब’ने भरून काढली. १९९५ मध्ये एरिक बोलेन ग्नू प्रकल्पाची ‘हर्ड’ ही कार्यप्रणाली चालू करण्याच्या खटपटीत होते. कोणत्याही बूटलोडरला कोणताही कर्नल उचलता यावा यासाठी ‘मल्टिबूट’ नावाचा संकेत ठरला, आणि फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीच्या बूटलोडरमध्ये फेरफार करण्यापेक्षा नवा लिहिणे सोपे ठरल्याने ग्रब जन्माला आला. पहिल्या सेक्टरमध्ये केवळ पुढचा भाग आणण्याइतका प्रोग्रॅम ठेवून उरलेले काम अन्यत्र साठवलेल्या भागांवर सोपवल्यामुळे ग्रबला फाइलप्रणाली वाचणे आणि निवडीची यादी दाखवणे साधले. तरीही पहिला सेक्टर एकच राहिला. विंडोज बसवताना तो नव्याने लिहिला जाई, म्हणून आधी विंडोज आणि मग लिनक्स हा क्रम प्रघातच होऊन बसला.

इंटेलने आपल्या आयटेनियम प्रोसेसरसाठी आखलेल्या ‘ईएफआय’मधून पुढे आलेल्या ‘यूईएफआय’ व्यवस्थेने हा पेच सोडवला. बूटलोडर साध्या फाइली झाले, एका विशेष विभागात प्रत्येक कार्यप्रणालीला स्वतंत्र फोल्डर मिळाला आणि नव्या तक्त्यात सर्वसाधारणपणे १२८ नोंदींची जागा झाली. मात्र २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’, म्हणजे बूटलोडरवरील डिजिटल स्वाक्षरीची तपासणी, सर्वत्र पोहोचली आणि हक्काचा प्रश्न सेक्टरवरून किल्लीवर गेला; लिनक्सच्या प्रमुख वितरणांनी मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असलेला ‘शिम’ हा मध्यस्थ प्रोग्रॅम स्वीकारून वाट काढली. इंटेल पद्धतीच्या संगणकांवर ही तपासणी बंद करण्याची सोय देणे विंडोज ८ च्या प्रमाणपत्रासाठी बंधनकारक होते; विंडोज १० पासून ते निर्मात्याच्या मर्जीवर सोडण्यात आले.