बारावीनंतरचे शिक्षण : शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज आणि अर्जापूर्वीची तयारी

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयाची फी थोड्याच दिवसांत भरावी लागते. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र प्रवेश आणि अर्जाची पडताळणी झाल्यावर, बहुधा काही महिन्यांनी खात्यात येते. शिष्यवृत्तीच्या भरवशावर पहिल्या हप्त्याची सोय न केलेली कुटुंबे इथेच अडचणीत येतात. त्यामुळे कागदपत्रे आणि बँक खात्याची तयारी निकालापूर्वीच करून ठेवावी.

प्रवेश घेण्याआधी काय तपासावे?

संस्था मान्यताप्राप्त आहे का, हे प्रथम पाहा. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करतो. तंत्रशिक्षणाच्या संस्थेला एआयसीटीईची मान्यता आहे का, हेही तपासा. अभ्यासक्रम नियमित आहे की दूरशिक्षणाचा, आणि जागा गुणवत्तेवर मिळते आहे की व्यवस्थापन कोट्यातून, हे प्रवेश घेताना लेखी विचारून घ्या. खाली दिलेल्या काही योजनांची पात्रता यावरच ठरते.

केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी, तसेच जेईई मेन आणि नीट या परीक्षा मराठीतूनही देता येतात. अर्ज भरतानाच भाषा निवडावी लागते. कोणत्या शाखेतून कोणते काम मिळू शकते, याची विनामूल्य माहिती केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर मिळते.

केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती योजना

ही योजना पीएम-यूएसपी अंतर्गत असून तिला जातीची अट नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४.५ लाख रुपयांपर्यंत असावे, अभ्यासक्रम नियमित असावा आणि विद्यार्थी दुसरी शिष्यवृत्ती घेत नसावा. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये, तर पदव्युत्तर शिक्षणासाठी दरवर्षी २०,००० रुपये मिळतात.

गुणांची अट ८० पर्सेंटाइलच्या वर आहे. अनेक विद्यार्थी हे ८० टक्के समजतात आणि अर्जच करत नाहीत. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या बोर्डात, तुमच्या शाखेत तुम्ही किती विद्यार्थ्यांच्या पुढे आहात. शाखेतील वरच्या २० टक्क्यांत असाल, तर ७२ टक्के गुणांवरही पात्र ठरू शकता. उलट ८२ टक्के असूनही अपात्र ठरू शकता. आपल्या बोर्डाची त्या वर्षीची गुणमर्यादा पाहूनच ठरवा.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती

अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गातील विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या मॅट्रिकोत्तर योजना आहेत, उत्पन्नमर्यादा २.५ लाख रुपये आहे. अनुसूचित जातीच्या पात्र विद्यार्थ्याला फ्रीशिप कार्ड मिळते. ते दाखवल्यास प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क आधी भरावे लागत नाही. मात्र शिष्यवृत्ती खात्यात आल्यावर शुल्काची रक्कम तातडीने महाविद्यालयात भरायची असते. ती घरखर्चात गेली, तर पुढच्या वर्षी अडचण येते.

ही शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी आहे, ते राज्य देते. महाविद्यालय कुठे आहे, यावर ते ठरत नाही. महाराष्ट्राचे रहिवासी असून सुरत, इंदूर किंवा बेळगावात शिकणार असाल, तर अर्ज महाराष्ट्राच्या महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो.

बँक खाते : सर्वांत जास्त चुका इथे होतात

खात्याला केवायसीसाठी आधार जोडलेले असणे आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी आधार सीडिंग झालेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्कम जाते ती सीडिंग झालेल्या खात्यात, आणि एका वेळी असे एकच खाते असते. शाळेत असताना उघडलेल्या जुन्या खात्याला सीडिंग असेल, तर रक्कम तिकडेच जाईल. तुम्ही मात्र नव्या खात्याचे पासबुक पाहत बसाल. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते बँक निष्क्रिय करते, तेव्हा ते आधी सुरू करून घ्या. सीडिंगची स्थिती ‘माय आधार’ पोर्टलवर दिसते. ते नसल्यास बँकेत सीडिंगचा अर्ज द्या.

आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक खाते या तिन्हींवर नाव व जन्मतारीख सारखी असावी. लग्न, घटस्फोट किंवा स्थलांतरामुळे पालकांच्या नावात फरक असेल, तर दुरुस्तीला वेळ लागतो. हे काम बारावीच्या पहिल्या सत्रातच हाती घ्या.

कर्ज घ्यावेच लागले तर

पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाल्यास तारण किंवा जामीनदार न देता कर्ज मिळते. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ही योजना लागू नाही. संस्थांची यादी दरवर्षी बदलते, ती योजनेच्या पोर्टलवर पाहावी.

कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि इतर सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत मिळत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते. ती अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष, एवढ्यापुरतीच असते. समजा, ४ लाखांची पूर्ण उचल झाली आहे आणि व्याजदर ९ टक्के आहे. वर्षाचे व्याज ३६,००० रुपये होते. त्यातील १२,००० सरकार भरते, बाकीचे २४,००० कर्जदाराचेच. उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असून अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर या काळातील पूर्ण व्याजाची सवलत आहे. मुद्दल मात्र कोणत्याही परिस्थितीत तुम्हालाच फेडायचे असते, म्हणून शिष्यवृत्तीचा विचार आधी आणि कर्जाचा नंतर करा.

अर्ज भरल्यानंतर

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आधी एकदाच करायची नोंदणी म्हणजे ओटीआर पूर्ण करावी लागते. तो क्रमांक जपून ठेवा. अर्ज विनामूल्य आहे. ऑनलाइन अर्ज सादर झाला म्हणजे काम संपले असे नाही. प्रथम महाविद्यालय आणि नंतर वरचे अधिकारी पडताळणी करतात. महाविद्यालयाने मुदतीत पडताळणी केली नाही, तर अर्ज पुढे जात नाही. दर आठवड्याला पोर्टलवर स्थिती पाहा आणि ‘त्रुटी’ असा शेरा दिसल्यास त्याच आठवड्यात दुरुस्ती करून अर्ज पुन्हा सादर करा. महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागाला अर्जाची प्रत देऊन पोच घ्या.

केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती आवश्यक आहे.