साडेबारा ते तीन चाळीस

२६ एप्रिल २०१७, बुधवार. अमेरिकेतलं साउथ कॅरोलायना राज्य. शाळकरी मुलगा, वय १६, हृदयाचा कसलाही आजार नाही.

दुपारी १२:३०
तो लाटे कॉफी घेतो. पाऊण-एक तासात कॅफीन रक्तात पुरतं चढतं. दमल्याची वर्दी मेंदूला देणारं अडेनोसिन जिथे जाऊन बसतं, तीच जागा ते अडवतं. थकवा तसाच राहतो, फक्त कळेनासा होतो.

त्यानंतर
मोठा पेला भरून माउंटन ड्यू, हेही कॅफीन असलेलं शीतपेय. अंगातलं कॅफीन निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे कॉफीतलं अजून जवळजवळ सगळं अंगातच आहे, त्यावर ही भर.

अडीचच्या आधी
एनर्जी ड्रिंक. हे तो घोटघोट पीत नाही, घटाघटा संपवतो. मला सगळ्यात भीती वाटते ती याच क्षणाची. कढत कॉफी माणूस फुंकून, थांबत पितो. थंडगार, गोड पेयाला तो अटकाव नसतो. आपल्याकडे अशा पेयात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं आणि लहान मुलांनी, गरोदर बायकांनी ते पिऊ नये असं बाटलीवर छापावं लागतं. टपरीवरची बाटली हातात घेऊन पाहा: ती ओळ शोधावी लागते. शाळेपासून ५०० मीटरच्या आत ही पेयं विकू देणार नाही, अशी घोषणा महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये केली. दप्तर पाठीला लावलेल्या पोराच्या हातात ती बाटली दिसली की माझ्या पोटात आजही गोळा येतो.

२:३० च्या सुमारास
मुलगा वर्गात कोसळतो. हृदयाचे ठोके ज्या विजेच्या तालावर पडतात तो ताल बिघडला, की रक्त पुढे ढकललं जात नाही. मग मिनिटंच हातात उरतात.

३:४०
रुग्णालयात मृत घोषित.

१५ मे
मृत्यूचं कारण तपासणारे अधिकारी, म्हणजे कॉरोनर, गॅरी वॉट्स पत्रकारांना निष्कर्ष सांगतात. दारू नाही, अमली पदार्थ नाहीत. कॅफीनमुळे ठोक्यांचा ताल सुटला. एकूण कॅफीनही फार नव्हतं. दोन तासांत लागोपाठ तीन पेयं आणि शेवटचं एका दमात, हे भोवलं. वडीलही बोलतात. पोरगं गाडी चालवायला लागलं की आईबापांना अपघाताची धास्ती असते, त्यांनाही होती. त्यांचा मुलगा मात्र गाडीच्या अपघातात गेला नाही, एका एनर्जी ड्रिंकने गेला, असं ते सांगतात.