एका फटक्याचा हिशेब

गोल्फच्या खेळांत एक प्रकार असा आहे कीं, त्यांत झुंज प्रतिस्पर्ध्याशीं नसून हिशेबाशीं असते. चार फेऱ्या, बहात्तर खळगे. चेंडू प्रत्येक खळग्यांत घालण्यास ज्याला एकंदर कमी फटके लागले तो जिंकला. १९२५ च्या जूनमध्यें अमेरिकेची खुली स्पर्धा वूस्टर येथें झाली. बॉबी जोन्स हा तेवीस वर्षांचा हौशी खेळाडू पहिल्याच फेरींत, अकराव्या खळग्याच्या वाटेवर, उंच गवतांत अडकला. काठी टेकतांना चेंडू किंचित् हलला. हें दुसऱ्या कोणीहि पाहिलें नव्हतें. पंचांनीं विचारपूस केली, पण साक्षीदार मिळाला नाहीं. तरीहि जोन्सनें आपल्या नांवावर दंडाचा एक फटका मांडावयास लावला.

चार फेऱ्यांअंतीं जोन्स व विली मॅकफार्लेन दोघेहि २९१! तो फटका नसता तर विजय जोन्सचाच होता, असें सर्वजण सांगतात. तें खरेंच, परंतु कथा तेथें संपत नाहीं. निर्णायक फेरींत पुन्हां ७५-७५ झाले. दुसऱ्या निर्णायक फेरींत अर्ध्या वाटेवर जोन्स चार फटक्यांनीं पुढें होता, आणि ती आघाडी त्यानें गमावली : मॅकफार्लेन ७२, जोन्स ७३. खळगे मोजले तर जपमाळेच्या मण्यांइतके, एकशेंआठ! पुढें लोक त्या प्रामाणिकपणाची वाखाणणी करूं लागले, तेव्हां जोन्सला तें मुळींच रुचलें नाहीं. बँक लुटली नाहीं म्हणून कोणी कोणाची स्तुति करतो काय, असें तो विचारी.