ठिपक्यांचं कुळ

रक्तातलं इन्शुलिन मोजायचं कसं, हा प्रश्न औषधशोधाच्या आजच्या एका तंत्राच्या, ठिपक्यांच्या चिपच्या, मुळाशी आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी त्यावर तोड काढली. इन्शुलिन पकडणाऱ्या प्रतिपिंडांपुढे किरणोत्सारी खुणेचं इन्शुलिन ठेवायचं आणि रुग्णाच्या रक्तातल्या इन्शुलिनला त्याच जागांसाठी झगडू द्यायचं. खुणेचं इन्शुलिन जितकं मागे हटेल, तितकं रक्तातलं जास्त. ही चढाओढ म्हणजे या कुळाचा मूळपुरुष.

लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात रॉजर एकिन्स यांनी १९६० मध्ये थायरॉक्सिनसाठी याच जातीची पद्धत मांडली. १९८०च्या दशकात मात्र ते वेगळ्या वाटेने गेले. प्रतिपिंडं सूक्ष्म ठिपक्यात अगदी थोडी ठेवली, तर ती इतके कमी रेणू पकडतात की द्रावणातलं प्रमाण जवळपास बदलत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते. शिवाय असे अनेक ठिपके शेजारी मांडता येतात.

ते हजारांत नेले हार्वर्डच्या गॅविन मॅकबीथ आणि स्टुअर्ट श्रायबर यांनी. २००० साली त्यांनी एका काचपट्टीवर प्रथिनांचे १०,८०० ठिपके छापले. प्रथिनं सुकून बिघडू नयेत म्हणून द्रावणात ४० टक्के ग्लिसरॉल घातलं.

संप्रेरकांचे रिसेप्टर, म्हणजे संप्रेरक ज्यांना चिकटतं ती प्रथिनं, इतक्या सहज वळले नाहीत. अ‍ॅड्रिनलिनचे रिसेप्टर पेशीपटलात रुतलेले असतात. बाहेर ओढले की त्यांचा आकार ढळतो. २००२ मध्ये कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ते पटलासकटच काचेवर छापले. त्यांच्यावर चकाकणारा रेणू आणि औषधाचा उमेदवार एकत्र सोडायचे. चकाकी घटली, की उमेदवाराने जागा बळकावली. चाल यॅलो-बर्सन यांचीच. हृदयातला बीटा-१ रिसेप्टर पकडणारं औषध श्वासनलिकांतल्या बीटा-२ रिसेप्टरला सोडतं का, हेही एकाच काचेवर कळतं.

इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला एवढं पुरत नाही. टॅमॉक्सिफेन हे औषध त्याला स्तनात रोखतं, गर्भाशयाच्या अस्तरात मात्र चेतवतं. चिकटतं दोन्हीकडे, पण रिसेप्टर पुढे कोणत्या साहाय्यक प्रथिनांशी जुळतो, त्यावर परिणाम ठरतो. म्हणून नेदरलँड्सच्या पामजीन कंपनीने मांडणी फिरवली: ठिपक्यांत साहाय्यक प्रथिनांचे तुकडे, वरून औषधासह रिसेप्टर. जुनी चढाओढ जागा कोणी घेतली ते सांगते, ही चिप जागा घेऊन काय केलं ते सांगते. औषध निवडताना दोन्ही उत्तरं लागतात.