न्यू ऑर्लिन्सचा ‘प्रिझर्व्हेशन हॉल जॅझ बँड’

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स हे शहर जॅझ संगीताचे जन्मस्थान मानले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील कृष्णवर्णीय व क्रिओल वादकांनी ब्लूज, रॅगटाइम, चर्चमधील गीते आणि मिरवणुकींतील ब्रास बँड यांच्या मिलाफातून ही शैली घडविली. तिच्या या आद्य रूपास ‘पारंपरिक जॅझ’ म्हणतात. ‘प्रिझर्व्हेशन हॉल जॅझ बँड’ हा त्याचा जगभर परिचित असलेला वाद्यवृंद होय. संगीत टिकवायचे तर आधी ते वाजविणाऱ्यास काम मिळाले पाहिजे, या साध्या विचारावर तो उभा राहिला.

या शैलीत ट्रम्पेट मुख्य चाल वाजवितो, क्लॅरिनेट तिच्या वरच्या अंगाने अलंकरण करतो, तर ट्रॉम्बोन खालून तिला भरीव करतो. तिघेही एकाच वेळी उत्स्फूर्तपणे वाजवीत असतात. पियानो, बँजो, बास किंवा ट्यूबा आणि ड्रम लय सांभाळतात. ही विद्या स्वरलिपीपेक्षा कानावाटे व सहवासातून अधिक मिळते. त्यामुळे एखादा जुना वादक गेला की त्याच्याबरोबर त्याचे वाजविणेही जाते.

१९३० च्या दशकात मोठ्या स्विंग वाद्यवृंदांची चलती झाली, पुढे बीबॉप आणि रॉक आले. न्यू ऑर्लिन्समधील जुन्या पिढीला मागणी उरली नाही. क्लॅरिनेटवादक जॉर्ज लुईस (१९००-१९६८) यांच्यासारख्या कलावंतासही गोदीत हमाली करून पोट भरावे लागले.

१९५० च्या दशकात लॅरी बोरेन्स्टाइन या चित्रविक्रेत्याने फ्रेंच क्वार्टर भागातील सेंट पीटर स्ट्रीटवरील आपल्या दालनात अशा वादकांना बोलावण्यास सुरुवात केली. श्रोते देतील तीच बिदागी. १९६१ मध्ये त्याच जागेत ‘प्रिझर्व्हेशन हॉल’ सुरू झाला. पेनसिल्व्हेनियाहून आलेले अ‍ॅलन व सँड्रा जाफी हे तरुण दाम्पत्य त्याच वर्षी त्याचा कारभार पाहू लागले. तेथे मद्य नव्हते, खाद्यपदार्थ नव्हते, ध्वनिवर्धकही नव्हता. होती ती साधी बाके आणि जमिनीवरील बैठक. फर्माईशीचे दर फलकावर लिहिलेले असत: पारंपरिक रचनेस एक डॉलर, इतर रचनेस दोन आणि वादकांना वाजवून वाजवून कंटाळा आलेल्या ‘सेंट्स’ला पाच!

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेद कडक होता. कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय माणसांनी एकत्र वाजविणे किंवा एका बाकावर बसून ऐकणे, हेच धाडस होते. हॉलने ते केले आणि त्यापायी पोलिसांची कारवाईही सोसली.

येथे वाजविणाऱ्यांत पियानोवादक ‘स्वीट एमा’ बॅरेट (१८९७-१९८३) विशेष लोकप्रिय होत्या. १९६७ मध्ये पक्षाघाताने डावे अंग लुळे पडल्यावरही त्या उजव्या हाताने वाजवीत राहिल्या. कॉर्नेटवादक डी डी पियर्स दृष्टिहीन होते. पत्नी बिली पियानोवर त्यांची साथ करीत. ट्रम्पेटवादक पर्सी हम्फ्री आणि त्यांचे क्लॅरिनेटवादक बंधू विली यांचे आजोबा जेम्स हम्फ्री हे नामांकित संगीतशिक्षक होते. मळ्यांवरील मजुरांना ते वाद्यवादन शिकवीत. आपल्याकडील ‘घराणे’ या शब्दाची येथे सहज आठवण होते. १९६३ पासून वाद्यवृंदाचे दौरे सुरू झाले आणि या वृद्ध वादकांना परगावीही श्रोते मिळाले.

स्वतः ट्यूबा वाजविणाऱ्या अ‍ॅलन जाफी यांचे १९८७ मध्ये अवघ्या ५१ व्या वर्षी निधन झाले. १९९४ मध्ये विली आणि १९९५ मध्ये पर्सी गेले. आद्य पिढीच संपल्यावर ‘जतन’ कशाचे करायचे, हा प्रश्न उभा राहिला. जाफींचे पुत्र बेन यांनी १९९३ मध्ये सूत्रे हाती घेतली होती. या ज्येष्ठांच्या अंगाखांद्यावर वाढलेले बेन बास व ट्यूबा वाजवितात. त्यांनी तरुणांना सामावून घेतले आणि २०१३ मध्ये पूर्णतः स्वतःच्या नव्या रचनांची ‘दॅट्स इट!’ ही ध्वनिमुद्रिका काढली.

ऑगस्ट २००५ मधील कतरिना चक्रीवादळाने शहर बुडाले, वादक देशोधडीला लागले आणि हॉलही काही महिने बंद राहिला. तरीही वाद्यवृंद विखुरला नाही. २००६ मध्ये त्याला अमेरिकेचे ‘नॅशनल मेडल ऑफ आर्ट्स’ मिळाले. न्यू ऑर्लिन्समध्येच १९३२ साली जन्मलेले, पण उमेदीचा काळ डेट्रॉइटमध्ये घालविलेले चार्ली गॅब्रिएल वादळानंतर या वाद्यवृंदात आले. २०२२ मध्ये त्यांचा ‘८९’ हा संग्रह प्रकाशित झाला. ते त्यांचे वयच होते. वाद्य खाली ठेवण्याच्या वयात वादकाला खुर्ची देण्याची हॉलची रीत अशी साठ वर्षांनंतरही टिकून राहिली.