धुराच्या वाटेवरची वीज : प्रस्तावना

खर्डी मागे टाकून कसारा घाटाला लागलेला भरलेला ट्रक एकाएकी दम टाकतो. टोकावड्याहून माळशेज चढणाऱ्याचीही हीच गत. ड्रायव्हर सांगतो, ‘युरियाचा लफडा आहे.’ तो युरिया म्हणजे शुद्ध पाण्यातले 32.5 टक्क्यांचे द्रावण. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि बहुतेक अवजड डिझेल गाड्यांच्या तापलेल्या धुरात हे द्रावण फवारले जाऊ लागले. त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनिया नायट्रोजनच्या ऑक्साइडांना, म्हणजे नॉक्सला, निरुपद्रवी करतो. रसायन एवढेच. गाडी घाटात अडते तेव्हा दोष पुष्कळदा तारेत असतो, आणि तार आपल्याकडच्या वायरमनला नवी नाही. ज्याने ट्रॅक्टरचा डायनॅमो दुरुस्त केला, त्याने या विषयात बिचकण्याचे कारण नाही.

स्कॅनरने नॉक्स सेन्सरचा कोड दाखवला की नवा सेन्सर मागवायची घाई होते. सेन्सर महाग, आणि घाई त्याहून महाग. कोड दोषी भाग सांगत नाही. गाडीतल्या संगणकाला कोणत्या सर्किटचा संशय आला, तेवढेच सांगतो. कपलर काढून मीटर लावला आणि 24 व्होल्ट दिसले, म्हणून तार चांगली ठरत नाही. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे हिरवा गंज चढलेल्या पिनेतूनही तो पुरा आकडा दाखवतो. तिथेच हेडलाइटचा बल्ब जोडा: बल्ब मिणमिणला, आकडा पडला, की चोर सापडला. सेन्सरच्या टोकाला सुमारे 800 अंशांपर्यंत तापायचे असते. त्याला खराखुरा करंट लागतो. बल्ब मात्र पुरवठ्याच्या तारेला आणि अर्थिंगलाच लावावा, सिग्नलच्या तारेला कधीही नाही.

सिग्नलसाठी कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या जाळ्याच्या, पीळ दिलेल्या दोन तारा असतात. जाळ्याच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रोध. बॅटरी सोडवून मोजले की 60 दिसावेत. 120 दिसले, तर एक टोक तुटले आहे.

आपल्याकडे चार महिने कपलरात पाणी शिरते, हे सगळ्यांना ठाऊक. द्रावणाची गळती त्याहून लबाड. ते तांब्याला खाते आणि तारेच्या आवरणाखालून वर चढत जाते. टाकीजवळचा कपलर नुसता पुसून भागत नाही. पांढरी खर दिसली तर आवरण मागे सोलत जाऊन लख्ख तांबे लागेपर्यंत पाहावे.

थंड गाडीत नॉक्सचा आकडा येत नाही, हा मात्र दोष नव्हे. धुरातल्या वाफेचा थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडला तर ते तडकेल, म्हणून संगणक स्वतःच थांबलेला असतो. सेन्सरला फसवणारे डबेही बाजारात मिळतात. त्यांना या विद्येत जागा नाही.

सुरुवातीला मल्टीमीटर, बल्ब आणि त्याच मॉडेलचा वायरिंगचा नकाशा पुरे. बॅटरी सोडवण्याआधी इग्निशन बंद करून काही मिनिटे थांबा: बऱ्याच गाड्यांत पंप तेव्हा नळीतले द्रावण टाकीत परत ओढत असतो.